आरशाला लटकवलेलं लाल कार्ड

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि ती तर त्या वेळी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असं कधी सांगितलं नाही. मधूनच कुठून तरी सुरुवात करायची आणि अडचणीची जागा आली की चहा टाकायला उठायचं, ही माझी पद्धत. आज उठायचं नाही असं ठरवलंय. बघू.

गाडीपासून सुरुवात करतो, कारण तेवढंच सोपं आहे.

मी भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. मूळचे आम्ही नागपूरचे, घर अवधपुरीत. मुलगी परदेशी गेली, घर मोकळं झालं, आणि बावन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसाने गुडघे सांभाळावेत, तेव्हा मी एक दोन आसनी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. तिसऱ्या हातची. आत बसायला वाकावं लागायचं आणि बाहेर यायला कुणाचा तरी हात लागायचा. तरी मला ती आवडायची. हे मात्र खरं आहे.

अशी गाडी घेतली की एक प्रश्न तुमच्या मागे लागतो — सर्व्हिसिंग कुठे? कंपनीच्या शोरूममध्ये की बाहेरच्या जाणत्या मिस्त्रीकडे? शहरात अशा गाड्या बाळगणाऱ्यांचा एक ग्रुप होता. दर रविवारी सकाळी तलावाकाठी जमायचे, गाड्यांची टपं उघडायचे आणि याच प्रश्नावर भांडायचे. बिल्डर, दोन डॉक्टर, एक वकील, आणि मी — सगळ्यात जुनी गाडी आणि सगळ्यात जास्त मतं असलेला.

माझी बाजू ठाम होती. शोरूमची मी यथेच्छ टिंगल करायचो. एकदा गेलो होतो तिथे. काचेचं दार उघडायला एक माणूस, कॉफी विचारायला दुसरा, आणि माझ्या गाडीचा ‘प्रवास’ समजून घ्यायला टाय लावलेला तिसरा. गाडीला हात लावणारा माणूस मात्र तीन तासांत एकदाही दिसला नाही. देवळात मूर्ती सोडून सगळं दिसावं तसं. मागून येणाऱ्या खडखडाटावर त्यांचा उपाय होता अख्खं सस्पेन्शन बदलण्याचा. तीच गाडी मी शहराच्या टोकाला, करोंदला निमजे मिस्त्रींकडे नेली. ते गाडीखाली गेले, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, “पत्र्याची क्लिप निघाली होती, साहेब. लावून देल्ली. चहा घेता का?”

निमजे म्हणजे आमच्याच कारखान्यातले, माझ्याच विभागातले फिटर. भंडाऱ्याकडचे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन काही वर्षं पुण्याला पुतण्याच्या गॅरेजमध्ये याच बनावटीच्या गाड्यांवर काम केलं आणि परत येऊन करोंदला, धान्यमंडीच्या मागे, पत्र्याची शेड टाकली. एका बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त होत, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, आणि मधे ही आमची जमिनीला पोट टेकलेली गाडी. ग्रुपमधले चार-पाच जण माझ्या सांगण्यावरून तिथे जायला लागले होते. याचा मला केवढा अभिमान! साधेपणाचाही एक थाट असतो, आणि तो मी काचेच्या दारांपेक्षा कमी मिरवला नाही.

निमजेंनी कारखान्यातली एक सवय सोडली नव्हती. आमच्याकडे एखाद्या मशीनचं काम अर्धं राहिलं, किंवा नंतर पुन्हा तपासायचं असलं, की त्यावर लाल कार्ड लटकवत. नियम एकच — ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मग डायरेक्टर येवो की मंत्री. निमजे तसंच करायचे. पुठ्ठ्याचं लाल कार्ड, वर बॉलपेनने लिहिलेला मजकूर, सुतळीने गाडीच्या आरशाला बांधलेलं. कारखान्यातल्या कार्डाला दुसरा अर्धा भाग असायचा, तो फाडून फिटर स्वतःजवळ ठेवायचा. निमजेंच्या कार्डाला तो नव्हता. मी एकदा विचारलं, तर हसले. “आपल्या आपल्यातच तं आहे. पावती कायले पाहिजे?”

आणखी एक सांगायला हवं. एका ऑपरेटरने असं कार्ड स्वतःच काढून मशीन चालू केलं होतं. कुणाला लागलं नाही, तरी चौकशी झाली. समितीत मी होतो आणि अहवाल मीच लिहिला. तो माणूस निलंबित झाला. कार्ड काढणं ही चूक नाही, तो विश्वासघात आहे, असं काहीतरी मी त्या अहवालात लिहिलं होतं. वाक्य चांगलं जमलंय असं तेव्हा वाटलं होतं.

आता — हो, आता तीच जागा आली.

मी मागच्या दोन्ही चाकांना नवे अलॉय रिम घेतले होते. ते बसवायला गाडी निमजेंकडे टाकली. शनिवारी आणायला गेलो तर शेड बंद. टपरीवाल्याने किल्ली दिली आणि सांगितलं, “निमजेजी नागपूर निकल गए। भाई नहीं रहे उनके। हबीबगंज स्टेशन से गाड़ी पकड़नी थी, भागते-भागते गए।”

गाडी शेडच्या मागे उभी होती. आरशाला कार्ड होतं. अक्षर घाईचं, पण स्वच्छ. नवे रिम. पन्नास किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा कसणे. तोवर ऐंशीच्या वर नाही. मंगळवारी येतो.

भाऊ गेलेला, आगगाडी सुटायची वेळ झालेली, आणि या माणसाने थांबून तेवढं लिहिलं. सुतळीला गाठसुद्धा नीट मारली होती. मला ती सोडवायला वेळ लागला.

होय, सोडवली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ग्रुप रायसेन रोडने निघणार होता. एक नवा डॉक्टर नवी कोरी गाडी घेऊन पहिल्यांदाच येणार होता. आरशाला पुठ्ठा लटकवून, ऐंशीच्या वेगाने, सगळ्यांच्या मागे जायचं? न जाण्याचा पर्याय होता. जाऊन ‘मी आज हळू येतो’ म्हणण्याचाही होता. एक वाक्य फक्त. ते मला लाजिरवाणं वाटलं — मला, जो दर रविवारी लोकांच्या दिखाऊपणावर बोलून हशा मिळवायचा! कार्ड मी पँटच्या खिशात घातलं. मग घरी येऊन बायकोला म्हणालो, “उद्या तूही चल, हवा छान आहे.” एवढी तयारी करून मी तिला त्या गाडीत बसवलं.

रायसेन रोडला लागल्यावर ती म्हणाली, “अहो, मागे काहीतरी थरथरतंय.”

मी म्हणालो, “रस्ता खराब आहे.”

रस्ता खराब नव्हता. मला कळत होतं ते काय आहे. पाच सेकंद लागले असते थांबायला. तो नवा डॉक्टर आरशात दिसत होता आणि काटा एकशे तीसच्या पुढे होता.

मागचं डावं चाक निघालं. गाडी फिरली, रस्ता सोडून सोयाबीनच्या शेतात गेली आणि बांधाला अडकून थांबली. समोरून काही येत नव्हतं, हे काही माझं कर्तृत्व नाही. मला खरचटलं. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “माझी चप्पल कुठे गेली?” आणि मग तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

डॉक्टरने तिचा हात बांधला. तो चांगला माणूस होता. मग बाकीचे जमले, तुटके बोल्ट पाहिले, आणि बिल्डर म्हणाला, “व्हील किसने लगाए थे, साहब? आपके वो करोंद वाले ने?”

“हाँ.”

“रिम नए हैं। दोबारा कसवाने को नहीं बोला था उसने?”

आता नीट ऐका. त्या क्षणी मला काय काय आठवलं ते सांगतो. कार्ड माझ्या खिशात आहे, हे आठवलं. मांडीला त्याचा कोपरा टोचत होता. आणि दुसरा अर्धा भाग नाही, हेही आठवलं. निमजेंकडे काहीही पुरावा नाही, हे मला ‘नाही’ म्हणण्याआधी आठवलं, नंतर नाही. धक्क्यात तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगून पाहिलं. नाही निघून गेलं. मी हिशेब केला आणि मग म्हणालो,

“नहीं.”

घरी आल्यावर कार्डाचे तुकडे केले आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. ओल्यात नाही. नियम पाळला.

ग्रुपवर दुपारपर्यंत सगळं पसरलं. ज्या चार-पाच जणांना मी निमजेंकडे पाठवलं होतं, ते एकामागून एक शोरूमकडे वळले. टायवाल्याने मला सहानुभूतीचा फोन केला आणि म्हणाला, “सर, हम तो हमेशा कहते हैं, सेफ्टी से समझौता नहीं।” मी “बिलकुल” म्हणालो. ज्याची वर्षभर नक्कल करून मी लोकांना हसवलं, त्याला मी “बिलकुल” म्हणालो! आणि रविवारी ग्रुपमध्ये परत गेलो तेव्हा लोकांनी मला खुर्ची दिली.

इथपर्यंतचा मी भित्रा आहे. भित्रेपणा एक वेळ समजतो. पुढचं ऐका.

निमजे मंगळवारी नागपूरहून परतले, टपरीवर त्यांना अपघाताचं कळलं आणि बुधवारी ते आमच्या घरी आले. डोकं भादरलेलं. हातात पपई. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले. बायको आत पडून होती, दार उघडं होतं. तिने आतूनच म्हटलं, “निमजे भाऊ, तुमच्या भरवशावर बसलो होतो हो आम्ही.” तिचं काय चुकलं? मी सांगितलं तेच तिला माहीत होतं.

त्यांनी मान खाली घातली. पपई मांडीवरच धरून ठेवली. मग हळू आवाजात मला म्हणाले, “साहेब, मले वाटते मी कार्ड बांधलं होतं. डोळ्यासमोर दिसते मले. पन गाडीची येळ झाली होती, भावाचं असं झालेलं… डोकं ठिकान्यावर नव्हतं माहं. तुम्हीच सांगा. कार्ड होतं का?”

ते मला पकडायला आले नव्हते. त्यांना संशयसुद्धा नव्हता. ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा माणूस म्हणून ते मला विचारत होते.

मी त्यांच्याकडे बघत म्हणालो, “नव्हतं, निमजे.”

“नव्हतं?”

“नव्हतं.”

“मंग माह्याच हातून राह्यलं,” ते म्हणाले. आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन, उंबऱ्याच्या अलीकडून, माझ्या बायकोला हात जोडले. “बाई, माफी करा. म्हातारा झालो मी.”

बत्तीस वर्षं ज्याच्या हातून एक बोल्ट सैल राहिला नाही, त्या माणसाला मी त्याच्या स्वतःच्या आठवणीबद्दल खोटं पाडलं. त्याच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते तिथे नव्हतंच, असं पटवून दिलं. आणि त्यांनी माफी मागितली तेव्हा मी काय केलं? “असू द्या, होतं असं,” म्हणालो. मोठ्या मनाने क्षमा केली मी त्यांना! पपई आम्ही खाल्ली. गोड होती.

दोन महिन्यांनी शेड बंद झाली. गिऱ्हाइकं तुटली म्हणून नव्हे. ट्रॉलीवाले तर बोलवत होतेच. टपरीवाला सांगत होता की ते एकच बोल्ट चार-चारदा कसायचे, गाडी गेली की मागून पळत जाऊन थांबवायचे, पुन्हा बघायचे. शेवटी पाने-हत्यारं विकून टाकली. आता मेहुण्याच्या दुकानात बसून पंपाचे सुटे भाग विकतात. बसवून देत नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं तरी नाही.

माझी गाडी दुरुस्त झाली. शोरूममध्ये जाते. कॉफी घेतो मी तिथे.

आणि हे सगळं लिहून टाकलं म्हणजे मी काही धाडस केलं, असं समजू नका. निमजे हे त्यांचं नाव नाही. गाव भंडारा नाही, शेडही करोंदला नव्हती. त्यांना जपायचं म्हणून मी हे बदललं नाही. त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. खरं नाव घातलं असतं तर कुणीतरी हे नेऊन त्यांना वाचून दाखवलं असतं. मग त्यांना कळलं असतं की कार्ड होतं. आजही ते त्यांना कळू नये, अशी व्यवस्था मी केली आहे.