वजन टाकलेली गाडी

त्याचं नाव लिहीत नाही. वाचलं तर पुन्हा समजावायला यायचा. अमेरिकेत कॅरी गावात असताना मी ऑफिसला या सहकाऱ्याच्या गाडीतून जायचो. गाडी साधी, चार दारांची. पण ती बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्या जपानमधल्या जीटी रेसमध्ये पळतात, याचा अभिमान असा, की जणू यानेच त्या घडवल्या. स्वतः मात्र पासष्ट मैलांची मर्यादा असलेल्या हायवेवर पंचावन्नने जायचा. स्टिअरिंगवरचे हात सुटायचे ते फक्त रेसमधलं एखादं वळण दाखवायला. मीटिंगला मला रोज उशीर!

"तिथे जिंकलेल्या गाडीत पुढच्या रेसला मुद्दाम वजन टाकतात," तो एकदा म्हणाला.

"म्हणजे चांगलं पळल्याची शिक्षा? काय मूर्खपणा आहे यार!"

"शिक्षा कसली? वजन टाकलं म्हणजे समजायचं, आपली गाडी फास्ट आहे."

त्याच आठवड्यात माझं काम टीममध्ये सगळ्यांच्या आधी संपलं. मॅनेजरने शाबासकी दिली आणि मागे पडलेल्या दोघांचं कामही माझ्याच गळ्यात मारलं. परतताना गाडीत मी मॅनेजरच्या नावाने बोटं मोडत होतो. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि माझा हात धरून म्हणाला, "अभिनंदन!"