सुलाबाईंचे मोकळे महिने

नगरपालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या सुलाबाईंना तरुणपणीच संधिवाताने गाठलं. सकाळी बोटं अशी आखडायची की खडू धरवत नसे. गुडघेही धरायचे, शाळेच्या वाटेवर दोनदा टेकावं लागे. वेणीसुद्धा सासूबाई, भागीबाई, घालून द्यायच्या.

शहात्तर साली त्यांना दिवस गेले. आधीच हे दुखणं, त्यात बाळंतपण, म्हणून घरात सगळ्यांनाच घोर लागला. पण चौथ्या महिन्यात एका सकाळी जाग आली, तेव्हा काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. सुलाबाई बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मग उमगलं, बोटं दुखत नव्हती. त्यांनी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

चुलीपाशी थापण्याचा आवाज ऐकून भागीबाई आल्या. "अगं, भाकरी कोण थापतंय?"

"मीच, आत्याबाई."

पुढचे दिवस तरंगत गेले. सुलाबाई उगाच पाण्यात हात घालून बसत, उन्हात तापलेल्या भिंतीवरून बोटं फिरवत. हे हात कुणीतरी थोड्या दिवसांसाठी वापरायला दिलेत, असं त्यांना वाटे.

तपासणीला गेल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, हे झालं कसं?"

"बाळ निम्मं तुमचं, निम्मं तुमच्या यजमानांचं, जयरामांचं. म्हणजे शरीराच्या लेखी थोडं परकंच. एरवी परकं काही आत आलं की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. बाळाला मात्र सांभाळून घेतं, आपला पहारा जरा बदलतं. तुमच्यात तोच पहारा चुकून सांध्यांवर उलटला होता. तोही निवळला असावा. नेमकं कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"आणि बाळंतपणानंतर?"

"बहुतेक परत येईल," त्या हळूच म्हणाल्या.

मुलगी झाली. काही आठवड्यांनी झबल्याचे बंद बांधताना सुलाबाईंची बोटं अडली. जयरामने बघितलं आणि बंद बांधून दिले.

"आलं?"

"आलं."

चार वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. मूल हवंच होतं. पण ते मोकळे महिनेही हवे होते, हे त्यांनी नवऱ्यापासून लपवलं नाही. या खेपेला बोटं तशीच राहिली, गुडघे तेवढे मोकळे झाले. सुलाबाईंना आधी रडू आलं. मग एका रविवारी त्या मुलीला घेऊन गंगापूर रोडने पायीच निघाल्या आणि रमतगमत, कुठेही न टेकता, थेट गावाबाहेरच्या सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत गेल्या.