पाटी आपोआप फोन लावते!

मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते, पाटी आपोआप फोन लावते. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ! भाऊ म्हणाले, "हिराबाई, उन्हातून आलात, आधी पाणी प्या." निनाद हसला. अलकावहिनी तर हसल्यासुद्धा नाहीत. आणि या सगळ्यात आमच्या रेखाची नोकरी जायची वेळ आली.

ते सांगतेच. पण पाटीचा एक किस्सा काढला की त्याच्यामागून दुसरा येतो. कढईतली वरची पुरी झाऱ्यानं उचलली की खालची फुगून वर येते ना, तसं. पोळ्या लाटताना हात कामात आणि तोंड रिकामं, मग किस्से साचणार नाहीत तर काय होणार?

आधी माणसं सांगते. कसबा पेठेत सुधीरभाऊंचं केटरिंगचं किचन. हडपसरकडे आयटी कंपन्या उभ्या राहायला लागल्या, तिथल्या पोरापोरींना दुपारचं घरच्यासारखं जेवण हवं असायचं. भाऊ टेम्पोनं पाठवायचे. मी हिरा, राहणार मांजरी, शिक्षण चौथी. किचनमध्ये माझा शब्द शेवटचा. भाजीवर शांताबाई. पोळ्यांवर रेखा. रेखा लोणी काळभोरची, नवऱ्यानं टाकलेली, एक मुलगी पदरात. मुलीला हट्टानं इंग्लिश मीडियमला घातलेली, ती याच नोकरीच्या जोरावर. बोलणं इतकं हळू की तिच्यापेक्षा तवा जास्त आवाज करतो!

निनाद म्हणजे भाऊंचा पुतण्या, इंजिनियर. त्यानं एक दिवस आपलं जुनं मशीन आणून भाऊंना दिलं. हातात मावणारा कॉम्प्युटर आणि त्यातच फोन. वर पडदा, त्यावर प्लॅस्टिकच्या काडीनं टोचायचं. मला शाळेतली पाटी-पेन्सिल आठवली. मी पाटी म्हटलं, झालं, सगळ्या किचनची ती पाटी झाली.

* * *

निनाद म्हणाला, "आधी तिला तुमचा हात ओळखायला लावायचा." पडद्यावर फुली यायची, बरोबर तिच्या मध्यावर टोचायचं. मग कोपऱ्यात फुली, परत टोचायचं. भाऊ म्हणाले, "मालक मी, मी करणार." भाऊ चांगले सहा फुटांचे. त्यांनी उभ्याउभ्या, मान वाकडी करून सगळ्या फुल्या टोचल्या. मशीन खूश!

आम्ही बसून काम करणाऱ्या बायका. निनादनं किराण्याची यादी इंग्रजीत घालून दिली होती, आम्ही अक्षराचा आकार बघून टोचायचो. तुरीवर टोचलं की मूग उठायचा. साखरेवर टोचलं की साबुदाणा! निनादला बोलावलं. त्यानं उभं राहून टोचलं, तूर आली. म्हणाला, "मशीन ओके आहे, मावशी."

मी म्हटलं, ओके तर ओके. स्टूल आणलं. डाळ मागवायची असली की शांताबाई स्टुलावर चढायच्या आणि भाऊंच्या उंचीवरून टोचायच्या.

एकदा वाण्याचा माणूस पोती घेऊन आला. बघतो तर शांताबाई स्टुलावर, हातात पाटी. म्हणाला, "काय आजी, रेंज येत नाही का?"

शांताबाई वरूनच म्हणाल्या, "रेंज येते रे बाबा. तूर येत नाही!"

* * *

पुढं ती काडी हरवली. भाऊंनी सगळं किचन उलटं केलं. परातीखाली, पिठाच्या डब्यात, शांताबाईंच्या अंबाड्यातसुद्धा बघून झालं! मग सकाळभर कधी माझी केसांची पिन, कधी काडेपेटीची काडी. रेखानं एकदा लवंगेच्या टोकानं टोचलं आणि ते बरोबर बसलं!

दुपारी कंपनीतून फोन. कोणीतरी तरुण पोरगा, आवाज गंभीर. "मावशी, आज पुलावात एक वस्तू सापडली."

मी झारा खाली ठेवला. म्हटलं, "काय होतं?"

"काळी प्लॅस्टिकची काडी."

आता हा तक्रार करणार, कंपनी सुटणार, भाऊ भिंतीला डोकं आपटणार. मी म्हटलं, "चूक झाली हो. धुऊन, उकळून..."

"नाही नाही, मावशी, थँक्यू! माझी महिन्यापूर्वी हरवली होती, बाजारात मिळत नाहीये. ही माझ्या मशीनला फिट बसली. परत मागणार नाही ना?"

त्या दिवशी रेखानं ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवली. कमरेला बांधायची, नाडी घट्ट, निनादनं कुठून तरी मिळवलेल्या नव्या काडीला बाजूला वेगळं घर. भाऊंनी बघितलं आणि पाटी तिच्याच ताब्यात दिली. रेखाच्या ताब्यात तोवर कोणी काही दिलं नव्हतं. ती पाटी पुसताना असा हात फिरवायची जसा लेकीच्या केसांवरून फिरवते.

* * *

एका गुरुवारी लाइट गेली. पुण्यात गुरुवारी लाइट जाते यात नवल नाही, पण त्या दिवशी ती यायचंच विसरली. पाटीची बॅटरी आधीच कोरडी, ती बसली. लाइट आल्यावर चार्जिंगला लावली तर पाटी कोरी! नंबर गेले, याद्या गेल्या, भाऊंनी टोचलेल्या फुल्यासुद्धा गेल्या. परत विचारायला लागली, तुम्ही कोण, कुठल्या देशाचे, तारीख काय.

निनाद डोकं धरून बसला. म्हणाला, "या मशीनचं असंच असतं. बॅटरी पूर्ण गेली की सगळं विसरतं."

मी म्हटलं, "आमच्या सासऱ्यांचं अगदी असंच. उपाशी राहिले की कोणाला ओळखायचे नाहीत. पण त्यांना भाकरी दिली की निदान आठवायचं तरी!"

निनादनं सगळं परत घातलं. या वेळी मी त्याला खाली पाटावर बसवून फुल्या टोचायला लावल्या. स्टुलाची सुट्टी झाली. आणि आमच्या सोयीसाठी त्यानं पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार मोठी बटणं करून दिली. एका कोपऱ्यात कंपनी, एकात टेम्पो, एकात वाणी, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात भाऊंचं घर. नुसतं टोचलं की फोन लागणार!

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळ्या, सुऱ्या, झारे, मिक्सर, सगळं घासून पाटावर मांडायचं. त्या दिवशी अलकावहिनी, म्हणजे भाऊंच्या मिसेस, शनिवार पेठेतल्या घरून तबक घेऊन येतात. स्वयंपाक पहाटेच उरकून टेम्पोत भरायचा, कारण पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही.

वहिनी म्हणाल्या, "रेखा, पाटी पण ठेव."

निनाद ओरडला, "काकू, तिला पाणी-बिणी चालत नाही!"

"तुझ्या मोटारसायकलला हार चालतो ना? मग हिनं काय पाप केलंय?" वहिनींनी कडेला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता वाहिल्या. मनापासून वाहिल्या, बोटानं नीट दाबून, खाली पडू नयेत म्हणून. वहिनींचं सगळंच नीट असतं.

तेवढ्यात पाटी वाजली! कंपनीचा नंबर. आता उचलायची कशी? पूजा झालेली. भाऊ वहिनींकडे बघतात, वहिनी देवाकडे. पाटी वाजतेय आणि आम्ही सगळे तिच्यासमोर हात जोडून उभे!

शेवटी मीच उचलली. म्हटलं, "साहेब, राग मानू नका, पूजा चालू आहे."

पलीकडून मॅनेजर म्हणाले, "तेच सांगायला फोन केला, मावशी. आमच्याकडे पण कॉम्प्युटरची पूजा चालू आहे. कोणी हात लावेना. टेम्पो जरा उशिरा सोडा!"

* * *

आता तो किस्सा.

दसरा झाला आणि वहिनींच्या घरी मुके फोन यायला लागले. वहिनी "हॅलो, हॅलो" करायच्या, पलीकडे कोणी बोलायचं नाही. घरचा फोन जुना, नंबर दिसायची सोय नाही. पहिल्यांदा वाटलं, राँग नंबर. मग रोज. एक दिवस वहिनींनी कान देऊन ऐकलं आणि संध्याकाळी भाऊंना विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"बांगड्या वाजतात तिच्या! फोन लावते, बोलत नाही, नुसत्या बांगड्या वाजवते!"

भाऊ पांढरे पडले. खरं तर गरीब माणूस, बायकोशिवाय कोणाशी मोठ्यानं बोलायचीही छाती नाही. पण पांढरा पडलेला नवरा म्हणजे बायकोला पुरावाच!

दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या मागे आणखी एक आवाज आला. पोळपाटावर लाटण्याचा. वहिनींना एवढं पुरलं. तडक किचनमध्ये आल्या, बरोबर निनाद. निनादनं पाटी उघडून बघितली. घरी लागलेले सगळे फोन आमच्याच पाटीवरून, आणि सगळे कंपनीचा फोन येऊन गेल्यावर लगेच. पाटी कोणाच्या कमरेला? रेखाच्या.

रेखाचे हात पिठात. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, मी कशाला लावू? मला बोलायचं काय हाय तुमच्या घरी?"

"तेच मला कळायचंय! बोलायचं नाही तर लावतेस कशाला?"

मी मध्ये पडले. "वहिनी, तिचे दोन्ही हात पोळीवर असताना पाटीवर घर, घर असं आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. पाटी आपोआप लावते."

निनाद म्हणाला, "मावशी, मशीन आपोआप काही करत नाही. करतं ते माणूस."

"मग मी खोटं बोलते?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! मी चौथी शिकले, आंधळी नाही शिकले!"

वहिनी म्हणाल्या, "हिराबाई, उद्यापासून ही इथं नको." रेखानं कमरेची पिशवी सोडली, पाटी काढून पोळपाटाशेजारी ठेवली आणि उरलेल्या पोळ्या लाटायला लागली. रडली नाही. शेवटची पोळी होईपर्यंत लाटत राहिली. म्हणाली, "लेकीच्या शाळेत काय सांगू, मावशी?"

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, पाटी दुकानात दाखवा. उघडून बघू दे. आत काही निघालं नाही तर रेखा जाईल आणि तिच्या मागोमाग मी. उद्याच्या पोळ्या वहिनी लाटतील. वहिनींचं सगळंच नीट असतं!"

आम्ही सगळे चालत तपकीर गल्लीत, मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. वहिनीसुद्धा. त्या म्हणाल्या, "बघू दे मलाही तुमचं भूत." दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलेलं, मान वर न करता म्हणाला, "गर्दी करू नका. मशीन एकच आहे, माणसं पाच कशाला?"

त्यानं बॅटरी काढली, बारीक स्क्रू काढले, वरची चौकट अलगद सोडवली. खालच्या डाव्या कोपऱ्यात, पडदा आणि चौकट यांच्या फटीत, काहीतरी बसलं होतं. चिमट्यानं ओढून पांढऱ्या कागदावर ठेवलं.

तांदळाचा दाणा.

"पुलाव का?" दुकानदारानं विचारलं. मग भिंगातून परत बघितलं. "नाही. कच्चा आहे. आणि लाल आहे." त्यानं बोटानं कोपरा दाबून दाखवला. "कमरेला बांधून कोणी वाकून बसलं की दाणा आत दाबणार. पडदा जागा असला की खालचं बटण दाबलं जाणार. थांबा, मशीनला सुपारीपण वाहिली होती का, तेही बघतो!"

निनाद आपले बूट बघत होता. भाऊ दुकानाचा पंखा बघत होते, आणि पंखा तर बंद होता! रेखानं कुंकू लागलेला तो दाणा कागदावरून उचलला. रस्त्यात कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून पदराच्या टोकात बांधला.

परत येताना वहिनी आमच्या चार पावलं पुढं चालत होत्या. कोपऱ्यावर घराकडे वळल्या त्या मागं न बघता.

बॅटरी काढल्यामुळे पाटी परत कोरी झाली होती. नावं नाहीत, कोपऱ्यातली बटणं नाहीत. दुसऱ्या दिवशी रेखा कामावर आली, कमरेला पिशवी बांधली, पोळ्यांना बसली. पहिला तवा तापतोय तोच पाटी वाजली. नुसता नंबर, नाव नाही.

रेखानं कानाला लावली. "हॅलो? ... हॅलो?" मग माझ्याकडे बघितलं. "मावशी, कोण बोलंना झालंय."

"मग ठेव."

"ठेवू कशी? नुसत्या बांगड्या वाजत्यात."

मी हात पुसले, पाटी तिच्या हातातून घेतली आणि कानाला लावली. खरंच. पलीकडं कोणीतरी श्वास घेत होतं, आणि बांगड्या.

म्हटलं, "रेखा इथंच आहे, देते तिला. बोला, अलकावहिनी!"