टाळूला टाके, जेवणाला मिक्सर

"चाव बेटा, जोरात! समज, दाताखाली मीच आहे!"

नऊ वर्षांची स्वरा खुदकन हसली, पण स्क्रीनवरची रेघ उठेना. तिच्या दोन्ही गालांवर मी इलेक्ट्रोड चिकटवले होते. दात आवळले की गालातला चावायचा स्नायू आखडतो आणि त्याची बारीकशी वीज मशीन टिपतं. डावी रेघ जेमतेम हलली. उजवी ढिम्म.

स्वराचे ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले. ऑपरेशनं तान्हेपणीच झालेली. आता वरचा जबडा अरुंद राहिला म्हणून ती आमच्या ऑर्थो, म्हणजे दात-जबडा सरळ करण्याच्या, विभागात आली होती.

"अशा मुलांचे स्नायू कमजोरच असतात," आमचे विभागप्रमुख सर म्हणाले. "जबडा रुंदावायची प्लेट बसवा."

"सर, पण इतके?"

"नाटक नको, जोशी. कारण आणा."

नाटकाशिवाय मला जमत नाही, पण कारणही आणतो. मी तिच्या आईकडे वळलो.

"सकाळी काय खाते?"

"पोहे. दुधात भिजवून, मिक्सरमधून काढून."

"अन् पोळी?"

"वरणात कुस्करून. तीपण मिक्सरमधून."

"इंदूरची पोरगी आणि शेव नाही? कोणत्या दुष्टानं सांगितलं?"

आईनं पर्समधून प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढला. टाळूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. 'सॉफ्ट डायट. कडक देऊ नये.' किती दिवस, ते लिहिलंच नव्हतं. काही आठवड्यांचं पथ्य या बाईनं आठ वर्षं पाळलं होतं.

"डॉक्टरजी, टाळू परत फाटला तर?"

"शाळेत मला सगळ्या बेबी म्हणतात," स्वरा मध्येच म्हणाली. "डब्यात रोज खीर."

मी टॉर्च लावून आईला टाळूवरचा पक्का भरलेला व्रण दाखवला, बोटानं दाबूनही दाखवला. मग माझ्या डब्यातली पोळी तिच्या हातात दिली. "पहिला घास तुम्हीच द्या."

तिचा हात अधांतरी थांबला.

"मम्मी, दे ना यार!"

तिनं दिला. स्वरा किती तरी वेळ चावत राहिली. आई तिच्या तोंडाकडेच बघत होती.

मी सरांकडे तीन महिने मागितले. पोळी, मग काकडी, मग चणे. दोन्ही बाजूंनी, रोज. तीन महिन्यांनी डावी रेघ झकास उठली. उजवी अर्धीच. दुभंग त्याच बाजूचा, तेवढं राहणारच. सरांनी रेघ बघितली, "हं" म्हणाले, प्लेट बसवली. आईची तक्रार एकच: पोरगी आता शेवेचा डबा लपवून ठेवू देत नाही.

तेव्हापासून पथ्य लिहिताना मी ते कधी संपतं तेही लिहितो. डॉक्टर सांगून विसरतात. आया विसरत नाहीत.