डेकपासून मोजलेली उंची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. प्रशांतलाही नाही, आणि तो माझा नवरा आहे. माझ्या दुखऱ्या दाढेपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं त्याला ठाऊक असतं. हे तेवढं नाही. तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. बसा जरा.

मी बोटींचे आराखडे काढते. नागपूरची मुलगी मी. अंबाझरीचा तलाव हेच माझं सगळ्यात मोठं पाणी. समुद्र पाहिला तो थेट कॉलेजात गेल्यावर. शिकत शिकत हॅम्बर्गला आले आणि एका चार माणसांच्या ऑफिसात लागले. मोठी जहाजं मोठ्या ऑफिसांकडे जात. आमच्याकडे यायच्या त्या उत्तर समुद्रावरच्या कोळंबीच्या जुन्या बोटी—कुणाला इंजिन बदलायचं असे, कुणाला केबिन हलवायची असे.

२०१३ साली हिनरिश आणि फोक्कोची बोट माझ्याकडे आली. दोघे सख्खे भाऊ. हिनरिश बोट चालवायचा, पन्नाशीतला, कमी बोलणारा. फोक्को मोठा, साठी ओलांडलेला, लग्न न केलेला. पकडलेली कोळंबी चाळायची, बोटीवरच उकडायची, हे त्याचं काम. पहिल्यांदा मापं घ्यायला गेले तेव्हा त्यानं मला काळा चहा दिला, तळाशी खडीसाखर टाकून. ती ढवळायची नाही म्हणाला, शेवटच्या घोटाला गोड लागते. चाळायचं टेबल गुडघ्याएवढं खाली होतं. चाळीस वर्षं त्यावर वाकून त्याची पाठ कायमची वाकली होती—उभा राहिला तरी काहीतरी शोधत असल्यासारखा दिसायचा.

"फ्राउ मेश्राम, ते टेबल तेवढं वर घ्या," हिनरिश मला बाजूला घेऊन म्हणाला. "तो स्वतः नाही मागणार."

छोट्या बोटीत जागेचं भांडण कधी संपत नाही. इंजिन मध्यावर ठेवलं तर बोट समतोल राहते, पण मासळी ठेवायची जागा तेच खातं. मागे सरकवलं तर ती जागा वाढते, पण बोटीची मागची बाजू पाण्यात बसते. एक मिळवलं की दुसरं सोडावं लागतं. त्या बोटीचं जुनं इंजिन म्हणजे तळाशी बसलेला लोखंडाचा बैल होता. सावकाश चालणारं, अवजड. ते काढून हलकं नवं इंजिन मागे बसवायचं ठरलं. मध्ये थंड खोली आली. डेकवर मी कमरेएवढा उंच चौथरा काढला. त्यावर चाळण, उकडायची मोठी हंडी, आणि वर पाऊस लागू नये म्हणून पोलादी छप्पर. फोक्कोला आता वाकावं लागणार नव्हतं. मला त्या आराखड्याचा फार अभिमान होता हो. खरंच होता.

तळाचं वजन गेलं आणि वरचं वाढलं, की बोट कलंडायला सोपी होते. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. म्हणून तळाशी लोखंडाच्या विटा भरतात. किती भरायच्या, हे गणित माझं होतं. प्रत्येक वस्तूचं वजन आणि तिची उंची, बोटीच्या अगदी तळापासून मोजलेली. चौथरा, हंडी, छप्पर यांची उंची मी डेकपासून मोजून लिहिली. तळापासून डेकपर्यंतचे अडीच मीटर त्यात मिळवायचे राहिले. कागदावर सगळा जडपणा होता त्यापेक्षा कितीतरी खाली आला, आणि विटा फारच थोड्या लागल्या.

चूक. चूक कुणाच्याही हातून होते, नाही का? ही चूक सांगायला मी बसलेले नाही.

काम झाल्यावर बोटीची चाचणी घेतात. डेकवरची ठरावीक वजनं एका बाजूला सरकवायची, आत ओळंबा टांगायचा, आणि बोट किती कलते ते मोजायचं. त्या दिवशी बंदरात वारा होता. बोट माझ्या गणितापेक्षा जास्त कलत होती. सहापैकी चार आकडे गणिताशी जुळेनात. चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला हवी होती. पण मालक थांबले होते, हंगाम सुरू होत होता, आणि मी—मी म्हटलं, वाऱ्यामुळे असेल. चार आकडे वगळले, दोन ठेवले. आमच्या साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

हेही नाही. अजून तिथपर्यंत आले नाही मी.

तीन आठवड्यांनी हिनरिशचा फोन आला. तो कधी फोन करत नसे. आवाजात आनंद होता. "तुमचे आभार मानायचे होते. बोट आता किती सावकाश डुलते! आधी नुसते हिसके बसायचे. आता पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. फोक्को तर खूश आहे."

झटकन सरळ होणारी बोट अंगाला त्रास देते, पण ती तुम्हाला घरी आणते. संथ झुलणाऱ्या बोटीत परत उठायचा जोर कमी असतो. तो माणूस आनंदानं मला सांगत होता की त्याची बोट मरायला टेकली आहे. मी काय म्हणाले?

"छान," मी म्हणाले. "ऐकून बरं वाटलं."

फोन ठेवून फाईल उघडली. दहा मिनिटांत चूक सापडली. तो रकाना, ते तीन आकडे.

तेव्हाच उलटा फोन करायचा होता. एवढंच म्हणायचं होतं—बंदराबाहेर जाऊ नका, माझं चुकलंय. चार-पाच टन लोखंड तळाशी टाकलं असतं की झालं असतं. साहेब चिडले असते. कदाचित नोकरी गेली असती. त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम होणार होती. तसा कागद शुक्रवारी हातात आला, आणि मी तो घरी नेऊन प्रशांतला दाखवला. त्यानं शेजारच्यांना बोलावून श्रीखंड खाऊ घातलं. रविवारी आम्ही इथले सगळे भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमलो. मुसावादा वेरमणी—खोटं बोलण्यापासून मी अलिप्त राहीन—सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. माझ्या आवाजात काही फरक पडला होता का? कुणी वळून पाहिलं नाही. रोज सकाळी वाटे, आज सांगू. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी त्यांचं एका बाजूचं जाळं समुद्राच्या तळाशी कशाला तरी अडकलं. असं त्यांच्या आयुष्यात शेकडो वेळा झालेलं. बोट त्या बाजूला ओढली जाते, इंजिन मंद करायचं, जाळं ओढणारी विंच ढिली सोडायची, बोट सरळ होते. या वेळी ती झाली नाही. हिनरिश केबिनच्या दारातून पाण्यात फेकला गेला. दुसऱ्या एका बोटीनं त्याला उचललं. फोक्को चौथऱ्यावर होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला, छपराखाली. मी काढलेल्या छपराखाली.

चौकशीचा माणूस ऑफिसात आला. सभ्य होता. फाईल चाळत त्यानं विचारलं, "चाचणीच्या दिवशी वारा होता. तरी हे आकडे भरवशाचे, असं तुमचं म्हणणं?"

"या, गेनाऊ," मी म्हणाले. हो, अगदी.

बोट वर काढताना छप्पर आणि चौथरा तुटून गेले होते, पुन्हा मोजायला काही उरलं नव्हतं. तो रकाना त्याच्या बोटाखालून गेला. चूक त्याला दिसली नाही. अहवालात आलं की जाळं अडकल्यावर विंच सोडायला उशीर झाला असावा.

आता मुद्द्यावर येते मी. यासाठीच एवढं लांबून आले.

अंत्यविधीला मी गेले होते. जावं लागलं. नंतर गावातल्या एका हॉलमध्ये चहा आणि केक होता, तशी तिथली रीत. हिनरिश माझ्याजवळ येऊन बसला. मग कपाकडे बघत म्हणाला, "तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला विचारतो. जाळं अडकलं तेव्हा मला वाटलं, सुटेल. मी थांबलो. दहा सेकंद, पंधरा असतील. लगेच विंच सोडली असती तर फोक्को वाचला असता का?"

खरं उत्तर मला पाठ होतं. तोवर मी घरी बसून बरोबर आकडे घालून ते गणित तीनदा केलं होतं. त्या बोटीत त्यानं काहीही केलं असतं तरी फरक पडला नसता. पंधरा सेकंदांनी नाही आणि पाचांनीही नाही. "नाही हिनरिश, तुमचा काही दोष नाही"—नुसतं एवढं म्हणाले असते, तरी चाललं असतं. माझं नाव न घेता म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, मग तो पुढे विचारेल, मग दोष कुणाचा?

मी म्हणाले, "कदाचित. थोडा वेळ मिळाला असता."

त्यानं मान हलवली. "मलाही तेच वाटतं," म्हणाला. आणि माझा हात दाबला, मी खरं सांगितलं म्हणून.

त्यानं पुन्हा बोट घेतली नाही. बहिणीकडे राहतो. नाताळला दरवर्षी त्याचं कार्ड येतं, दोन ओळींचं. एकदा लिहिलं होतं, अजूनही ते सेकंद मोजतो, कधी दहा भरतात, कधी वीस. मी उत्तरात शुभेच्छा पाठवल्या. मी अजून त्याच ऑफिसात आहे. नव्या मुलांना शिकवते, प्रत्येक उंची तळापासून मोजायची. ते विचारत नाहीत, मीही सांगत नाही, की मी हे एवढ्या मोठ्यानं का बजावते.

त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. ट्रेननं दोन तासांचा रस्ता. आणि मी हे सगळं मराठीत लिहिलं आहे, जी त्याला वाचता येत नाही.