पिंजरा गाडीतले तीन ठोके

ती घटना विसरायचा मी खूप प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू? पण भर दुपारी कुणी पत्र्यावर बोटं वाजवली, की आजही अंगावर काटा येतो.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. सुरतेत, उधन्याच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि माझा जुना खबरी आला. म्हणाला, "साहेब, पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजमधली जुनी पोलीस गाडी आतून ठोके देते. एक म्हातारी रोज तिच्यासमोर भाकरी ठेवते."

"सकाळी सकाळी पिऊन आलास का रे?" असं म्हणून मी त्याला झापलं. पण भुताच्या नावाखाली बहुधा माणसंच धंदा करतात, हा नोकरीतला अनुभव. दुपारी एका हवालदाराला घेऊन निघालो.

गाडी पाहून पाय थबकले. कॉन्स्टेबल असताना मी कैदी नेणाऱ्या ज्या पिंजरा गाडीवर होतो, तीच ही. भंगाराच्या लिलावातून आणून गॅरेजवाल्याने तिला नव्या नवरीसारखी सजवली होती. निळा रंग, लाकडी बाकं, मागे जाळीचं दार. जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने ती पसंत केली होती आणि दोन दिवसांनी तो ती राजस्थानात नेणार होता.

म्हातारी मागच्या दाराशी बसली होती. चहूकडे यंत्रमागांचा खडखडाट, आणि तरीही आतून स्पष्ट ऐकू आलं. ठक, ठक, ठक. जाळीतून पाहिलं तर आत कुणी नव्हतं. हवालदार दोन पावलं मागे सरला. मीही सरलो असतो, अंगावर वर्दी होती म्हणून उभा राहिलो.

गॅरेजवाल्याला ठाण्यात आणलं, चहा पाजला आणि समोर गप्प बसून राहिलो. प्रश्नांपेक्षा साहेबाचं गप्प बसणं माणसाला जास्त टोचतं. चहा संपायच्या आत तो बोलू लागला.

"साहेब, शौकीन लोगों को खाली गाडी नहीं, स्टोरी चाहिए."

बाकाखाली त्याने वायपरची मोटर बसवली होती आणि खिशातल्या रिमोटने तो ती चालवायचा. जुना रंग खरवडताना बाकाच्या खालच्या बाजूला त्याला एक कोरलेली आकृती सापडली होती. एक त्रिकोण, वर तीन रेघा. गिऱ्हाइकांसाठी मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओत त्याने ती 'कैद्याचा मंत्र' म्हणून दाखवली होती.

"आणि तीनच ठोके का ठेवलेस?"

"तीन? मैंने तो दो ही रखे थे, साहेब."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच फाईल उघडली.

मग म्हातारीला बोलावलं. ती सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतली, मूळची खानदेशातली, म्हणजे माझ्याच मुलखातली.

"मावशी, भूतबित काही नाही. मोटर होती ती," मी समजावलं.

"ठोका खोटा ऱ्हाऊ दे, भाऊ. ती खूण तं त्यानीच शे."

गॅरेजवाल्याच्या व्हिडिओत तिने ती आकृती पाहिली होती. तिने पिशवीतून कापडाचा एक जुना तुकडा काढला. त्यावर तोच त्रिकोण होता, त्याच तीन रेघा. मागावरचा कारागीर विणून झालेल्या ताक्याच्या टोकाला आपली खूण करतो, म्हणजे कुठलं कापड कुणी विणलं ते कळतं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तेच नाव. हे तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

"लोके म्हनतस, तो माले सोडीसन पयी गया, दुसरी करी. त्याले पोलिसनी नेलं व्हतं, असा कागद माले दे."

मला मी कॉन्स्टेबल असतानाचा यंत्रमाग कामगारांचा संप आठवला. त्या दिवशी आम्ही कामगारांना याच गाडीत कोंबलं होतं. गुन्हा दाखल करायचा नसला की माणसं लांब नेऊन सोडायची, पायी परत येता येता डोकी थंड होतात, अशी तेव्हाची पद्धत. म्हणून स्टेशन डायरीत एकाचंही नाव नव्हतं. वाटेभर एकजण आतून पत्रा वाजवत होता. तीन ठोके, थांबायचा, पुन्हा तीन. तापाने फणफणलेला, पाणी मागत होता. दाराची कडी माझ्या हाताशी होती. "गप बस!" म्हणून मीच ओरडलो. शहराबाहेर, सचिन गावाच्या पुढे सगळ्यांना उतरवलं, तेव्हा तो रस्त्याकडेला बसला तो उठलाच नाही. आम्ही गाडी वळवून परत आलो.

तिथल्या ठाण्याचं अकस्मात मृत्यूचं जुनं रजिस्टर मागवलं. दुसऱ्याच दिवशीची नोंद होती. अनोळखी पुरुष, रस्त्यालगत मृत, डोक्याच्या फडक्यावर त्रिकोण व तीन रेघा. ते त्याचं नाव आहे हे आमच्यात कुणालाच कळलं नव्हतं.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, दोन महिने राहिलेत. कशाला उकरताय?" त्याला माझ्या पेन्शनची काळजी होती. खरं सांगतो, मलाही होती.

तरी गाडी जप्त केली, पंचनामा केला. मग हवालदाराला माझ्या खुर्चीत बसवलं आणि मी समोरच्या स्टुलावर बसलो. "लिही, माझा जबाब," म्हटलं. जन्मभर लोकांचे जबाब घेतले, आपला देताना मात्र पहिलंच वाक्य दोनदा खोडायला लावलं. लिहून झाल्यावर त्याने तो म्हातारीला वाचून दाखवला. 'पाणी मागितले, मी दिले नाही' या ओळीला तो अडखळला. मी म्हटलं, "वाच."

"पयना नही ना तो?" तिने एवढंच विचारलं.

"नाही, मावशी. तुम्हाला सोडून गेला नव्हता."

तिने जबाबाच्या नकलेची घडी करून चोळीत ठेवली आणि तिथेच, माझ्यासमोर, इतकी वर्षं लावलेलं कुंकू पदराने पुसलं. मला मान वर करवेना.

त्या प्रकरणाने काय शिकवलं, असं नव्या भरतीची पोरं विचारतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. गाडीत माणूस चढवण्याआधी त्याचं नाव लिहा. आणि आतून कुणी ठोकलं, तर दार उघडा.