ट्रामचा पास आणि पहिली अक्षत

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले त्या वर्षी मुंबईच्या भिंतींवर मोकळी जागा उरली नव्हती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे वाक्य डांबराने, चुन्याने, गेरूने, मिळेल त्या रंगाने लिहिलेले होते. मी सातारा जिल्ह्यातून प्रथमच त्या शहरात आलो होतो. वडील तापाने अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे भावकीला अक्षत देण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्यात लग्नाचे बोलावणे टपालाने जात नसे. घरच्या माणसाने दारात जाऊन कुंकू लावलेले तांदूळ हातावर ठेवायचे, तेव्हाच ते बोलावणे ठरे. आणि आमची निम्मी भावकी गिरण्यांच्या आसऱ्याने मुंबईत पांगलेली होती.

मी लालबागला मामांच्या खोलीवर उतरलो. मामांनीच पासाची कल्पना काढली.

“दर वेळी तिकीट काढत बसशील तर अक्षतेचे तांदूळ विकायला लागतील,” ते म्हणाले. “महिन्याचा पास काढ. चढ, उतर, पुन्हा चढ. कंडक्टरच्या बापाची छाती नाही अडवायची.”

पासाला फोटो लागे. परळच्या एका फोटोवाल्याने मला रंगवलेल्या तळ्यासमोर बसवून मामांच्या कोटाची बटणे लावायला सांगितली. तोवर माझा फोटो कधी निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दादरला ट्रामच्या कचेरीत रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या कारकुनाने फोटो पाहिला, मग मला पाहिले.

“राहता कुठे?”

“लालबागला. पाहुणा आहे.”

“पाहुणे लोक राणीचा बाग बघून परत जातात. तुम्हाला महिन्याचा पास कशाला?”

“अक्षत द्यायची आहे.”

त्याने शाईची गादी पुढे ओढली. फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा येईल असा शिक्का मारून पास माझ्याकडे सरकवला. कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी तो दोनदा खिशातून काढून पाहिला. हे शहर कोणाचे, यावर त्या वेळी माणसे मरत होती. माझ्यापुरता तो प्रश्न त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने काही काळ सोडवला होता.

त्याच सकाळी मी दुमजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. ट्राम घंटा वाजवत निघाली आणि परळ, लालबाग, भायखळा माझ्या पायांखालून जाऊ लागले. चाळींच्या गॅलऱ्या इतक्या जवळून जात की वाळत घातलेले लुगडे हाताला लागेल असे वाटे. एका गॅलरीत दाढी करणाऱ्या गृहस्थाने माझ्याकडे पाहून वस्तरा थांबवला. मी त्यांना नमस्कार केला. गावी अनोळखी माणसाला मी असा नमस्कार केला नसता.

मार्ग मी मनाशी आखला. आधी दूरचे टोक गाठायचे आणि परतताना एकेक घर उरकायचे. म्हणून पहिली अक्षत गिरगावात, खोताच्या वाडीजवळ राहणाऱ्या चुलत भावाला दिली. तो कचेरीत नोकरीला होता आणि भावकीत वयाने सर्वांत धाकटा. तांदूळ हातात घेऊन त्याने विचारले, “आबांकडे जाऊन आलास ना?”

“उद्या जाणार. घोडपदेव उद्याच्या वाटेवर आहे.”

“उद्याच्या वाटेवर,” तो म्हणाला आणि बायकोकडे पाहू लागला. मी चहा घेतला, उतरलो, पुढची ट्राम धरली. संध्याकाळपर्यंत परळची घरेही झाली.

आबा म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ, भावकीतले सर्वांत वडील. ग्रामदेवतेनंतर भावकीतली पहिली अक्षत आबांना, हा क्रम मला कोणी शिकवला नव्हता, कारण तो शिकवावा लागत नसे. मी तो ट्राममध्ये बसून विसरलो.

दुसऱ्या दिवशी घोडपदेवला गेलो तेव्हा आबा गॅलरीत विडी ओढत बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि तांदूळ पुढे केले. त्यांनी हात पुढे केला नाही.

“गिरगावला कधी गेलता?”

“काल.”

“परळ?”

“कालच.”

“म्हंजी आम्ही शेपूट.”

“आबा, ट्रामचा पास आहे, आणि ट्रामचा रस्ता तसा होता.”

“मग लगीन ट्रामच लावंल. मुंबई कुणाची ते दिल्लीत ठरायचंय. पयली अक्षत कुणाची, ते ठरलेलं हाय.”

तांदूळ माझ्या मुठीत ओले होऊ लागले. आबा आले नाहीत तर भावकीतले एकही माणूस येणार नव्हते. नवऱ्याकडची मंडळी रिकामा मांडव पाहतील, आणि ते बहिणीला आयुष्यभर ऐकावे लागेल. तापातल्या वडिलांना हे कसे सांगावे, याचाच मी विचार करीत होतो.

काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. “पोराच्या अंगावर किती वरडाल? पास हाय म्हनतोय, तर फिरू द्या की पुन्यांदा.”

आबांनी हात पुढे केला, पण तांदळासाठी नव्हे. मी पास दिला. त्यांनी तो उजेडात धरला.

“ह्यो तू? चोर दिसतोस.”

“कोट मामांचा आहे.”

“ह्याच्यावर किती बारी बसाय येतं?”

“कितीही.”

“झालं तर. काल काय झालंच न्हाई.” त्यांनी विडी विझवली, तांदूळ हातावर घेतले, कपाळाला लावले आणि खुंटीवरचा फेटा काढला. “चल. पयल्यापासनं.”

वयाने आबांच्या खालोखालचे घर दादरला, त्यानंतरचे गिरगावात दुसऱ्या एका चाळीत, तिसरे परळला, चौथे पुन्हा भायखळ्याकडे. वयाच्या क्रमाने भावकी मांडली की मुंबई अशी उलटीसुलटी होते, हे मला त्या दिवशी कळले. आबांचे तेवढे तिकीट काढत आम्ही शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा ओलांडले. आबा प्रथम खालीच बसले. दुसऱ्या फेरीला जिना चढून माझ्या शेजारी आले आणि फेटा वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने धरून बसले. कंडक्टरने मला ओळखले.

“काय पावनं, गाडी इकत घेतली का?”

“लगीन हाय घरात,” आबांनीच उत्तर दिले.

खोताच्या वाडीजवळच्या धाकट्याने सर्वांत शेवटी, गंभीर चेहऱ्याने पुन्हा अक्षत घेतली. “काल हा...” असे त्याने सुरू केले.

“काल कुनी आलं नव्हतं,” आबा म्हणाले. धाकट्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

परतीच्या ट्राममध्ये आबा पोटऱ्या चोळत बसले. पाय दुखत असावेत. भायखळा आल्यावर उठता उठता म्हणाले, “चार दिस आधी येतो. मांडवाचं बांबू तुला जमायचं न्हाईत.”

मी त्यांच्याबरोबर उतरलो नाही. गाडी पुढे लालबागला जात होती आणि आबा येणार, हे मला वडिलांना पत्राने कळवायचे होते.